मोजणीची हद्द

हिवरदऱ्याच्या टोलनाक्याला लोक नाका म्हणत ते केवळ सवयीने. तिथे दांडी नव्हती, खिडकी नव्हती, सुट्टे मागणारा माणूस नव्हता. नाक्याच्या दोन किलोमीटर अलीकडून डांबराखाली काचेचा एक बारीक तंतू पुरलेला होता आणि सगळा कारभार त्या तंतूचा होता. त्यातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची थाप जायची. वरून चाक गेले की तंतू किंचित दबायचा, परतणारा प्रकाश तेवढाच बदलायचा, आणि चाक कुठून कसे गेले ते कळायचे. जागा माणूस गाडी चालवतो तेव्हा त्याचे हात स्टिअरिंगवर सारखी बारीक बारीक दुरुस्ती करत असतात. पेंगुळलेला माणूस ती करत नाही. त्याची गाडी काही क्षण अगदी सरळ जाते, मग एकदम झटका देऊन सावरते. या सरळ जाण्यातून आणि सावरण्यातून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघायचा. त्याला थकवांक म्हणत. पुढच्या कमानीवर गाडीच्या नंबराखाली तिचा थकवांक उजळायचा आणि थकवांकाखाली टोल.

"चौदा," गाडी चालवणारा शकूर पटेल खुशीत म्हणाला. "काल झोप झक्क झाली होती, मॅडम."

मागच्या सीटवर केतकी नाईकवाडे कागद चाळत होती. ती जोखीमगणिती होती. कशामुळे किती माणसे दगावतील आणि कशामुळे किती वाचतील, याची गणिते मांडणे हा तिचा व्यवसाय. थकवांक हा शब्द तिनेच घडवला होता, आणि तो आता ट्रकवाल्यांच्या तोंडी बसला होता याचा तिला मनातून थोडा अभिमान होता.

या रस्त्याशी तिचा संबंध त्याहून जवळचा होता. खानदेशातून मराठवाड्यात चढणारा नवा रस्ता डोंगर फोडून बांधायला सरकारपाशी पैसा नव्हता. तो ‘निर्वेध’ नावाच्या कंपनीने बांधला आणि भांडवल उभे केले ते जीवरक्षा रोख्यांतून. कल्पना नवी होती. जुन्या हिवरदरा घाटात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न माणसे मरत. नव्या रस्त्यावर त्याहून जितकी कमी मरतील तितक्या जिवांमागे सरकारने कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, आणि त्यातून रोखे घेणाऱ्यांना परतावा मिळायचा. नुसता रस्ता बांधून भागणार नव्हते, त्याने माणसे वाचवायला हवी होती. किती वाचली हे सरकारने सांगायचे नाही आणि कंपनीनेही नाही. ते एका स्वतंत्र परीक्षकाने दाखला देऊन सांगायचे. चार वर्षे त्या दाखल्यावर केतकीची सही होती. यंदाचा दाखला तिच्या मांडीवर होता. रस्त्यावर सलग सातशे दिवस एकही मृत्यू नव्हता. ही सही झाली की याच धर्तीवर आणखी तीन महामार्गांचे रोखे बाजारात येणार होते.

दुपारचे सव्वादोन झाले होते. त्यांच्या पुढे हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो होता. कमानीवर त्याचा नंबर उजळला. थकवांक सदुसष्ट. टोल तिप्पट.

टेम्पोचा वेग कमी झाला. डावीकडचा दिवा लुकलुकला आणि टेम्पो कमानीच्या अलीकडच्या फाट्याने खाली, जुन्या घाटाकडे वळला.

"हे रोजचंच," शकूर म्हणाला. "दोन ते चार. जेवण झालेलं असतं, डोळे जड होतात, अन् बोर्ड बरोबर ओळखतो. मग कोण भरतंय तिप्पट?"

"अर्धा तास थांबून परत आलं की नेहमीचाच टोल लागतो," केतकी म्हणाली. "नियम आहे तसा."

"आहे ना. पण माल घेऊन निघालेला माणूस अर्धा तास थांबतो का, मॅडम?"

तिप्पट हा आकडा केतकीचा होता. आकडा पाहून माणूस गाडी बाजूला घेईल, तोंड धुईल, चहा घेईल, असे तिने सात वर्षांपूर्वी एका अहवालात लिहिले होते. वळून जाणाऱ्या गाड्या तिला नव्या नव्हत्या. आलेखात त्यांची एक बारीक करडी रेघ असायची, थकलेल्या गाड्यांपैकी शंभरात चार. पण रेघेला डावीकडचा दिवा नसतो. वळताना टेम्पोच्या मागच्या पोत्यावर वाळत घातलेला एक टॉवेल फडफडला, तो तिने पाहिला.

तिच्या पिशवीत एक पत्र होते. हिवरदरा गावच्या पोलीस पाटील वंदना तायडे यांचे, हाताने लिहिलेले. आधीच्या दोन पत्रांना केतकीच्या कार्यालयातून छापील उत्तर गेले होते: आपण नमूद केलेले ठिकाण मोजणीच्या हद्दीबाहेर असल्याने त्याचा विचार करता येत नाही. हे तिसरे थेट तिच्या नावाने आले होते. आठ दिवस ते पिशवीतच होते.

"शकूरभाई, गाडी मागे घेता येईल का? खालून जाऊ."

"खालून?" त्याने आरशातून तिच्याकडे पाहिले. "पण कंपनीचे साहेब वर वाट बघत असतील."

"बघू देत."

जुना घाट एके काळी गाड्यांच्या रांगांसाठी प्रसिद्ध होता. ट्रकमागे ट्रक, मुंगीच्या पावलाने. आता तो ओस होता. शकूरने सावकाश गाडी उतरवली. वळणावळणावर कठड्याचे दगड निखळले होते आणि जागोजागी नवे बसवलेले दिसत होते.

तिसऱ्या वळणावर रस्ता पिवळा झाला होता. फुटलेल्या पोत्यांतली हळकुंडे रस्ताभर पसरली होती आणि टेम्पो कठड्याला कुशीवर टेकला होता. माणसे आधीच जमली होती. त्यांनी एक बाज आणली होती, दोर आणला होता, कोणी काय करायचे हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. गळ्यात शिट्टी अडकवलेली पन्नाशीची एक बाई फोनवर रुग्णवाहिकेला वळणाचा नंबर सांगत होती.

कठड्याजवळ एक म्हातारा आडवा पडला होता. कोणीतरी त्याच्या तोंडावर टॉवेल टाकला होता. त्याच्या हाताशी काठीला बांधलेले लाल फडके होते.

"ताई, जरा इकडं या," त्या बाईने केतकीला हाक मारली. ती कोण, कुठली, काही विचारले नाही. "यांचा हात धरून ठेवा. असा. मी फळी बांधते."

टेम्पोचा चालक दगडावर बसला होता. चाळिशीचा, अंगाने आडवा माणूस. उजवा हात कोपराखाली मोडला होता, पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते. केतकीच्या खांद्यावरची पिशवी आणि गळ्यातले ओळखपत्र पाहून त्याला ती सरकारी बाई वाटली असावी.

"लिहून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "गजानन खरात. माझ्या हातून झालं. दुसऱ्या कोणाची काही चूक नाही."

"हात हलवू नका."

"म्हातारबाबा झेंडा हलवत होते. मला दिसत होते, मॅडम. दिसत होते आणि कळत नव्हतं." त्याने वरच्या रस्त्याकडे मान वळवली. "वर तिप्पट दाखवला. अर्धा तास थांबलो असतो तर काय झालं असतं? गोदाम बंद झालं असतं, एवढंच ना?"

केतकीने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला होता. सांगायचे तर आत्ताच, असे तिला वाटले. तिप्पट मी लावलाय. तुम्ही थांबाल असं मी कागदावर लिहिलं होतं. शब्द तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. ती पुन्हा एकदा इतकेच म्हणाली, "हात हलवू नका."

रुग्णवाहिका बावीस मिनिटांनी आली. पोलीस आले, पंचनामा झाला. कडूबा म्हस्के, वय एकसष्ट. मंडळी बाजेवरून त्यांना गावात घेऊन गेली. शिट्टीवाली बाई मागे राहिली आणि रस्त्यावरची हळकुंडे पायाने कडेला सारू लागली, पुढच्या गाडीचे चाक घसरू नये म्हणून.

"वंदनाताई तायडे आपणच ना?" केतकीने विचारले. "मी केतकी नाईकवाडे."

वंदनाताईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी फक्त पदराने कपाळ पुसले.

"आलात," त्या म्हणाल्या. "चला, सावलीत बसू."

वळणापलीकडे पत्र्याची एक शेड होती. तिथे दुसरी बाज उभी करून ठेवली होती, पाण्याचे दोन रांजण होते, भिंतीवर दोन ते चारच्या पाळ्यांचा कागद चिकटवला होता. गावाने गेल्या वर्षीपासून ही व्यवस्था केली होती. दुपारी दोन तास कोणीतरी वळणावर उभे राहायचे, लाल फडके हलवायचे, शिट्टी मारायची. वरच्या रस्त्यावर हेच काम तंतू करत असे. तिथे गाडी रेघ सोडू लागली की कडेचे दिवे लखलखत आणि गाडीत मोठा भोंगा वाजे. त्याला रस्त्याची हाक म्हणत. इथे हाक मारायला माणूस लागायचा.

"आज माझी पाळी होती," वंदनाताई म्हणाल्या. "मला तालुक्याला जायचं होतं. याच घाटाचा अर्ज द्यायला. म्हणून कडूबाकाकांना म्हटलं, आजच्या दिवस उभे राहा. ते म्हणाले, जा तू." त्यांनी पाण्याचा तांब्या केतकीपुढे ठेवला. "मी परत येऊन दहा मिनिटं झाली नव्हती, तोच हे झालं."

केतकीने तांब्या उचलून दोन घोट घेतले.

"गेल्या वर्षी तेवीस गेले. त्यातले सात आमच्या गावचे. रस्ता नवा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. गर्दी गेली, धूर गेला. पूर्वी एवढ्या गाड्या होत्या, पण सावकाश चालायच्या. रस्ता ओलांडताना कुणी मेलंय असं वर्षातून एखादं. आता गाडीच येत नाही, अन् येते ती झोपेत येते. मोकळा रस्ता बघून जोरात येते." त्या केतकीकडे वळल्या. "मॅडम, तुमचे अहवाल मी वाचलेत. सरकारच्या साइटवर असतात. दुसऱ्या वर्षाचा, पान एकसष्ट. खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ‘हद्दीबाहेर वळणाऱ्या वाहनांचा स्वतंत्र अभ्यास होणे इष्ट.’ तो इष्ट शब्द मी कोशात बघितला. मला वाटलं काहीतरी कायद्याचा शब्द असेल."

"नाही. कायद्याचा नाही."

"झाला का मग अभ्यास?"

"नाही झाला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

हा प्रश्न नव्हता. तरी केतकीने उत्तर दिले. "हो."

ती तळटीप लिहिल्याचा दिवस तिला आठवत होता. ती लिहून झाल्यावर तिला हलके वाटले होते, आपण आपले काम केले असे. कोणी वाचणार नाही हे तिला ठाऊक होते आणि ते हलके वाटण्यात त्या ठाऊक असण्याचाही भाग होता. हद्द आखल्याचा दिवस तर त्याहून साधा होता. मंत्रालयातली बैठक, दुपारी जेवणाआधी. कोणीतरी विचारले, मृत्यू मोजायचे ते कुठवर? जुन्या घाटाची सरासरी तेवढी हाती होती, कोण कुठे कशामुळे गेले याच्या नोंदी अर्धवट होत्या, त्यात शिरले तर वर्ष जाणार होते. केतकीने नकाशा पुढे ओढला आणि नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरवर पेनाने दोन रेघा मारल्या. इथवर. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा यायच्या आत तो विषय संपला होता. जुना घाट त्या रेघेपासून तीन किलोमीटरवर होता.

"तुम्ही काय करणार?" वंदनाताईंनी विचारले.

"अजून ठरवलेलं नाही," केतकी खरे तेच बोलली.

ती नियंत्रण कक्षात पोचली तेव्हा पाच वाजत आले होते. प्रकल्पप्रमुख निनाद रेगे दारातच उभे होते. तिच्या बाहीवर हळदीचा आणि रक्ताचा डाग होता. तो पाहून त्यांनी स्वागताचे बोलणे आवरले आणि तिला आत नेऊन पाणी दिले. चार वर्षांत या माणसाने तिच्यापासून एकही आकडा लपवला नव्हता.

"गेल्या वर्षात साठाच्या वर थकवांक आलेल्या किती गाड्या फाट्यावरून खाली वळल्या?" तिने विचारले.

रेग्यांनी पडद्यावर माहिती काढली. एक हजार नऊशे बेचाळीस. "ही आमच्याकडे पहिल्यापासून आहे," ते म्हणाले. "कोणी मागितली नाही."

"मी मागायला हवी होती."

"तुमच्या कामाच्या हद्दीत ती नव्हती."

"हद्द मीच आखली होती, रेगेसाहेब."

ते तिच्या समोर बसले. "मला कळतंय तुम्ही कुठे निघालात. पण जरा ऐका. पूर्वी अठ्ठावन्न जायचे. आज वर शून्य आणि खाली तेवीस. म्हणजे वर्षाला पस्तीस माणसं जिवंत आहेत. हे मी खोटं बोलतोय का?"

"नाही. खरं आहे."

"मग?"

"सरकार अठ्ठावन्न जिवांचे पैसे देतंय. आणि ते तेवीस जण काही असेच मेलेले नाहीत. आपण त्यांना ओळखलं, हा झोपेत आहे हे आपल्याला कळलं, आणि कळल्यावर आपण त्याला खाली पाठवलं. शून्य त्यातूनच आलंय."

रेग्यांनी पडदा बंद केला. "तुम्ही हद्द वाढवून दाखला दिलात तर सरकार पैसे रोखून धरेल. करारात तसं आहे. पैसे थांबले की रोखेधारकांचे विश्वस्त सगळ्यात आधी चालू खर्च बंद करतात. म्हणजे तंतू. तो वाचायला यंत्रं लागतात, माणसं लागतात. महिन्याभरात हाक बंद पडेल. मी हे तुम्हाला भीती घालायला सांगत नाहीये."

"माहीत आहे मला."

"वर माणसं मरतील, केतकीताई."

चार वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच असे नावाने हाक मारली होती. तिने तेही गणित येताना गाडीत करून पाहिले होते. तंतू बंद राहिला तर नव्या रस्त्यावर दर अडीच आठवड्यांना एक, असे उत्तर आले होते. ते तिने कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले होते.

"जुन्याच हद्दीवर सही करून, सोबत वेगळं पत्र दिलं तर?" रेगे म्हणाले. "पत्रात सगळं लिहा. मी दुजोरा देईन."

त्या क्षणी तो मार्ग तिला फार बरा वाटला. कोणाचे काही बिघडले नसते. पण असे पत्र म्हणजे काय ते तिला माहीत होते. ती जरा मोठ्या अक्षरातली तळटीप झाली असती, आणि तोवर तिन्ही नव्या महामार्गांच्या नकाशांवर दोनशे दोनशे मीटरच्या रेघा छापून झाल्या असत्या.

तिने दाखला नव्याने लिहिला. मोजणीची हद्द: नवा रस्ता, जुना घाट आणि त्यांना जोडणारे सर्व फाटे. वाचलेले जीव: पस्तीस. कारणांच्या रकान्यात तिने लिहिले की पहिली हद्द परीक्षकाच्या चुकीने अपुरी ठरली होती आणि ही चूक परीक्षकाला दुसऱ्या वर्षीच कळली होती. मग सही केली.

पुढचे सगळे रेग्यांनी सांगितले होते तसेच झाले. सरकारने पैसे रोखले, कंपनी लवादात गेली, रोख्यांचा भाव कोसळला. तीन महामार्गांचे काम लांबले. केतकीचे नाव परीक्षकांच्या यादीतून काढले गेले, आणि त्याबद्दल तिला काही म्हणायचे नव्हते. सत्ताविसाव्या दिवशी तंतू वाचणारी यंत्रे बंद झाली. कमानीवर सगळ्यांना एकच टोल दिसू लागला. झोपलेले आणि जागे सगळे वरूनच जाऊ लागले.

अकरा आठवडे रस्ता मुका होता. त्या काळात नव्या रस्त्यावर पाच माणसे गेली. जुन्या घाटात एक. केतकी रोज सकाळी दोन्हीकडचे आकडे बघायची. तिच्या गणितातही वरचे साधारण तेवढेच होते. गणित बरोबर येण्याची तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

बाराव्या आठवड्यात लवादाचा निकाल आला. तंतू पुन्हा चालू, टोल सगळ्यांना सारखा. थकवांक साठाच्या वर गेला तर गाडीला कमानीपुढे जाऊ द्यायचे नाही आणि मागेही फिरू द्यायचे नाही. नाक्याशेजारी कंपनीने विसावा बांधायचा, तिथे चालकाने झोपायचे, आकडा उतरला की निघायचे. उशिराबद्दल मालवाल्याला भरपाई त्याच रोख्यांतून द्यायची. आणि मृत्यू मोजायचे ते दोन्ही रस्त्यांवरचे. पहिल्या वर्षात वर एक गेला, खाली दोन. वंदनाताईंनी फोन करून सांगितले की दुपारच्या पाळ्या बंद केल्या आहेत.

मग एके दिवशी हेमंत पिंगळे तिच्या घरी आले. पाचोऱ्याच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. त्यांची पत्नी, डॉक्टर अर्चना, पशुवैद्य होती. एका गायीचे अडलेले बाळंतपण आटोपून परत येताना, दुपारी तीनच्या सुमाराला, नव्या रस्त्यावर तिची गाडी दुभाजकावर गेली. त्या पाचांतली ती तिसरी.

ते शांतपणे बसले. केतकीने आणून दिलेले पाणी प्यायले. "मीच तिला म्हटलं होतं, लवकर ये," ते म्हणाले. "घरी पाहुणे होते. नाहीतर ती तिथेच पडून घेणार होती थोडा वेळ." मग त्यांनी विचारले, "त्या दिवशी हाक चालू असती, तर ती वाचली असती का?"

केतकीने हे उत्तर पाचही जणांसाठी काढून ठेवले होते. ते कोणी विचारील असे तिला वाटले नव्हते, किंवा कोणीतरी विचारावे असेच वाटत होते. "दहांतून सात वेळा," ती म्हणाली. "बहुधा वाचल्या असत्या. ती बंद पडणार हे मला सही करतानाच माहीत होतं."

ती नाकारेल, समजावेल, अशी तयारी पिंगळ्यांनी केली असावी. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि त्यामुळे दुसरीकडे माणसं वाचली, असं पेपरात आलंय."

"हो."

"कोण?"

"म्हणजे?"

"नाव काय त्यांचं? अर्चनाचं नाव आहे, फोटो आहे, तिचं सामान मी अजून आवरलेलं नाही. वाचले त्यांतला एक तरी माणूस मला दाखवा. मी भांडायला आलेलो नाही. मला फक्त बघायचंय."

तिला नाही म्हणता आले असते. वाचलेला माणूस वाचलेला दिसत नाही, तो आकड्यांतच असतो, हे ते विज्ञान शिकवणारे असल्यामुळे त्यांना कळलेही असते. पण तिने चप्पल घातली.

ते दुपारी विसाव्यावर पोचले. लांबट दालन होते, खिडक्यांना जाड पडदे, आत गारवा. दोन्ही बाजूंना खाटा आणि खाटांवर माणसे झोपली होती. कोणी तोंडावर रुमाल घेतलेला, कोणी चपला उशाशी ठेवलेल्या. एकजण घोरत होता. दाराशी बसलेल्या बाईने त्यांना हळू आवाजात बोलायला सांगितले.

पिंगळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, प्रत्येक खाटेपाशी थोडे थांबत. परत येऊन ते केतकीजवळ उभे राहिले.

"यांतला कोण?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "यांतले बहुतेक जण झोपले नसते तरी नीट पोचले असते. रोज इतके जण इथं झोपतात, वर्षात त्यांतले वीसेक. कुठले वीस, ते मला कधीच कळणार नाही. त्यांनाही नाही."

तेवढ्यात मधल्या खाटेवरचा एकजण उठला. तरुण होता, मिशा नुकत्याच राखलेल्या. त्याने जांभई दिली, नळावर तोंड धुतले, नाडीवरून थकवांक काढणाऱ्या दाराजवळच्या यंत्रावर पंजा ठेवला. बावीस. बाईने त्याला किल्ली दिली. उशीर झाला म्हणून तो थोडा कुरकुरला, खिशातला फोन काढून कोणाला तरी निघालो म्हणून सांगितले आणि त्यांच्या शेजारून बाहेर गेला. त्याने त्या दोघांकडे पाहिलेही नाही.

पिंगळे त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. ट्रक सुरू झाला, कमानीखालून गेला आणि उताराला लागला.

"हा असेल?"

"असू शकेल," केतकी म्हणाली.

ट्रक दिसेनासा होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. मग वळून तिच्याकडे न बघता, जणू वर्गात एखादी शंका मोठ्याने मांडावी तसे म्हणाले, "पण तो वाचला असेल, हे त्याला कोणी सांगायला नको का?"